पानिपताहून मेडत्याकडे

मराठी भाषेत ‘पानिपत’ हे आता केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. मुलगा परीक्षेत नापास झाला, व्यापाऱ्याचा माल बुडाला, निवडणुकीत एखाद्या पक्षाची धूळधाण उडाली, की आपण सहज बोलून जातो, ‘त्याचे पानिपत झाले.’ जो शब्द एके काळी उच्चारताना घरोघरी डोळे पाणावत, तो आज रोजच्या बोलण्यात इतका रुळला आहे, की उच्चारताना आपणांस त्यातील रणांगण दिसतही नाही. दुसऱ्या बाजूस, त्याच नापास झालेल्या मुलाची समजूत घालताना आपण म्हणतो, ‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.’ एका वचनात पराभव म्हणजे सर्वस्वाचा शेवट, तर दुसऱ्यात तो केवळ आरंभ! ही दोन्ही वचने आपण एकाच तोंडाने वापरतो आणि त्यांतील विरोध आपल्या ध्यानीही येत नाही.

ह्यांपैकी खरे कोणते, हे सुभाषितांच्या आधारे ठरविण्यापेक्षा इतिहासाच्या आधारे ठरवावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र घेतो, की जो खुद्द पानिपताहून लंगडत परत आला, त्यानंतर आणखी दोनदा मोठ्या अपयशास सामोरा गेला आणि अखेरीस उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांची सत्ता पुन्हा उभी करून मगच मरण पावला. हा पुरुष म्हणजे महादजी शिंदे. त्या काळच्या लोकांच्या तोंडी असलेल्या नावाने म्हणावयाचे, तर पाटीलबोवा.

आरंभ अर्थातच १४ जानेवारी १७६१ ह्या दिवसापासून, म्हणजे पौष शुद्ध अष्टमीपासून केला पाहिजे. उपासमारीने गांजलेले मराठी सैन्य त्या सकाळी तळाबाहेर पडले. सदाशिवरावभाऊंची योजना गोलाच्या लढाईची होती. बुणगे, बायकामुले व सामानसुमान मध्ये घ्यावयाचे, भोवती सैन्याचा कोट करावयाचा, तोफा पुढे ठेवावयाच्या आणि तो चालता किल्ला हळूहळू पुढे सरकवीत शत्रूची फळी फोडून यमुनेकडे वाट काढावयाची. ह्या योजनेचा कणा होता इब्राहिमखान गारदी आणि त्याच्या कवायती पलटणी. इब्राहिमखानाने आपले काम चोख केले; त्याच्या बंदुकांच्या फैरींपुढे रोहिले मागे हटले. परंतु जवळच असलेल्या विंचूरकर व गायकवाड ह्यांच्या घोडेस्वारांना तो संथ, शिस्तीचा रणसंग्राम पाहवला नाही. रोहिले मागे हटताहेत असे दिसताच त्यांनी घोडे पुढे घातले. गोल फुटला. रोहिल्यांच्या गोळीबाराने स्वार मागे फिरले, तेव्हा गारद्यांच्या बाजूस आधार देणारे कोणी उरले नाही. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले आणि संध्याकाळपर्यंत सर्व संपले.

शिंद्यांच्या घराण्यावर तर त्या एका वर्षात आभाळच कोसळले. एक भाऊ दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडीच्या घाटावर पडला होता. दुसरा भाऊ तुकोजी पानिपतावर पडला. पुतण्या जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. तिशीच्या आसपास असलेला महादजी दक्षिणेच्या दिशेने निघाला, तेव्हा एक अफगाण स्वार त्याच्या पाठीस लागला. त्याने महादजीस गाठले, पायावर घाव घातला, अंगावरील ऐवज व घोडा काढून घेतला आणि त्याला मरण्यासाठी सोडून दिले. तेथून जाणाऱ्या राणेखान नावाच्या भिस्त्याने त्या जखमी माणसास आपल्या पखालीच्या बैलावर घालून सुखरूप आणले. पाय जन्माचा अधू झाला. राणेखानास महादजींनी भाऊ मानले आणि पुढे त्याला आपल्या सैन्यात सेनापतीच्या पदापर्यंत चढविले. ज्याला लोक एके काळी पाणक्या म्हणून ओळखत, त्यालाच पुढे ‘राणेखानभाई’ म्हणू लागले, ही गोष्ट महादजींच्या स्वभावाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

पानिपतानंतर महाराष्ट्रात जो प्रश्न घरोघर विचारला गेला तो असा: दोष कोणाचा? भाऊसाहेबांचा हट्ट की मल्हाररावांनी रणांगण सोडणे? विंचूरकरांची घाई की नानासाहेब पेशव्यांची दिरंगाई? ही चर्चा अद्यापि संपलेली नाही. आमच्या लहानपणी घरी पाहुणे जमले आणि कोणी पानिपताचा विषय काढला, की रात्रीचे बारा वाजत आणि इंदूरकडील पाहुणे व ग्वाल्हेरकडील पाहुणे सकाळी चहाच्या वेळी एकमेकांशी बोलत नसत. त्यानंतर त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या अभ्यासकांनी ह्या लढाईची तपशीलवार छाननी केली; तरीसुद्धा सामान्य मराठी मनाला अजून गुन्हेगार हवा असतो. ह्या प्रश्नात वेदना आहे, स्वाभिमान आहे. परंतु त्यात शिकणे नाही. गुन्हेगार सापडला की मन शांत होते आणि विचार थांबतो.

शिकण्याचा प्रश्न वेगळा असतो. तो विचारतो: नेमके काय मोडले? महादजींनी ह्या प्रश्नाचे उत्तर कोठे लिहून ठेवले नाही. ते त्यांच्या पुढील तीस वर्षांच्या कृतीत शोधावे लागते. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे, तर पानिपताने त्यांस लगेच काही शिकविले असे दिसत नाही. सरदारकीसाठी त्यांना घरातल्यांशी व पुण्याच्या दरबाराशी झगडावे लागले. ती १७६८ मध्ये मिळाली. फेब्रुवारी १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम त्यांच्या आश्रयाने आपल्या राजधानीत परतला. हे यश मोठेच होते. पण ते मुत्सद्देगिरीने व जुन्या धर्तीच्या घोडदळाने मिळविलेले होते. पानिपतावर गोल का फुटला, ह्या प्रश्नास अजून कोणी हात घातलेला नव्हता.

उलट, जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मिळालेल्या विजयाने तो प्रश्न आणखी मागे पडला असावा. मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून तळेगावापर्यंत आली. मराठ्यांनी गाव जाळले, दाणागोटा नाहीसा केला, चोहो बाजूंनी स्वार घालून तिला कोंडले आणि शरण आणले. गनिमी काव्याचा तो उत्कृष्ट धडा होता. परंतु यशाचा एक दोष असा, की ते आपणांस आहे तसेच राहण्याची परवानगी देते. वडगावानंतर सुमारे दीड वर्षाने दुसरे अपयश आले.

३ ऑगस्ट १७८० च्या रात्री पॉपहॅम नावाच्या इंग्रज कप्तानाच्या हाताखालील निवडक शिपाई ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जमले. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी कापूस भरलेले जोडे घातले होते. शिड्या व दोर लावून ते कडा चढले आणि उजाडण्यापूर्वी, ज्या किल्ल्याला साऱ्या हिंदुस्थानात अजिंक्य समजत, तो त्यांच्या हाती आला. पुढे मार्च १७८१ मध्ये कॅमॅक ह्या इंग्रज सरदाराने महादजींच्या तळावर रात्री अचानक छापा घातला आणि तोफा व हत्ती पळविले. कॅमॅकच्या फौजेच्या पाठीवर महादजींचे स्वार कित्येक दिवस होते. संख्येने ते कितीतरी अधिक होते. तरीही शेवटी फजिती महादजींचीच झाली.

ग्वाल्हेरच्या तटावर चढलेले ते शिपाई बहुतेक हिंदीच होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांची शरीरे, त्यांचे शौर्य, त्यांचे अन्न महादजींच्या शिपायांहून निराळे नव्हते. निराळी होती ती कवायत, हुकूम पाळण्याची सवय आणि रात्रीच्या अंधारातही आपला शेजारी आपली जागा सोडणार नाही, हा विश्वास. पानिपतावर घोडेस्वारांच्या उतावीळपणाने जे मोडले होते, ते हेच. वीस वर्षांपूर्वीचा धडा अशा रीतीने स्वतःच्या किल्ल्यावरून महादजींना पुन्हा वाचून दाखविला गेला. आणि ह्या वेळी तो त्यांनी ऐकला.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळील सालबाई येथे इंग्रजांशी तह झाला. तहाने महादजींस सवड मिळाली आणि ती त्यांनी वाया घालविली नाही. इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला गोहदच्या राण्यास दिला होता. तो महादजींनी १७८३ मध्ये वेढा घालून परत घेतला. ह्याच वेढ्याच्या काळात एका परक्या माणसाचे नाव त्यांच्या कानी आले. हा माणूस किल्ला वाचविण्यासाठी राण्यास पलटणी उभारून देण्याची योजना आखीत होता. शत्रूला मदत करू पाहणाऱ्या माणसाविषयी राग धरण्याऐवजी महादजींनी १७८४ मध्ये त्यालाच नोकरीस ठेवले. बन्वा डी बॉयन हा १७५१ साली सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावी जन्मला होता. फ्रेंचांच्या व रशियनांच्या सैन्यात राहून, तुर्कांची कैद भोगून, मद्रासेस कंपनीची चाकरी करून तो उत्तरेत आलेला होता. त्याने प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी उभाराव्यात असे ठरले. स्वतः त्यास दरमहा १,००० रुपये व शिपायांच्या खर्चासाठी दरडोई दरमहा ८ रुपये मिळावयाचे होते. शिपायांचा पगार देण्याची जबाबदारी त्याचीच. ह्या शेवटल्या अटीचे महत्त्व त्या वेळी कोणाच्याही लक्षात आले नसावे.

१७८४ च्या अखेरीस बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांस दिले आणि त्यांच्या वतीने महादजी बादशाहीचे कारभारी झाले. पदवी मोठी, पण खजिना रिकामा! नजफखानाने पूर्वी तयार केलेल्या बादशाही पलटणी आता महादजींच्या पदरी आल्या. त्यांना बंदुका चालविणे येत होते, तोफा डागणे येत होते. परंतु त्यांची तलब महिनोन् महिने थकलेली असे. पैसा उभा करण्यासाठी जयपूरकरांकडून खंडणीची बाकी वसूल करावी, ह्या हेतूने महादजी १७८७ मध्ये राजपुतान्यात शिरले. जयपूरच्या मदतीस जोधपूरचे राठोड धावले. मुहंमद बेग हमदानीसारखा बादशाही सरदार आपल्या माणसांसह शत्रूस जाऊन मिळाला.

२८ जुलै १७८७ रोजी लालसोटजवळ तुंगा येथे लढाई झाली. हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. राठोडांनी आपल्या प्रसिद्ध घोडदौडीने मराठी फौजेवर चाल केली, पण फळी फुटली नाही. डी बॉयनच्या दोन्ही पलटणी आपल्या जागी खंबीर उभ्या राहिल्या. रणांगणावर महादजींचा पराभव झाला असे त्या संध्याकाळी कोणी म्हटले नसते. पराभव झाला तो त्यानंतर, स्वतःच्याच छावणीत. थकलेल्या पगारासाठी बादशाही पलटणींनी दंगा केला आणि थोड्याच दिवसांत त्या तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. पाहता पाहता अजमेर गेले, दिल्ली गेली, आग्रा शहर गेले; आग्र्याचा किल्ला तेवढा लखबादादा लाड ह्यांनी नेटाने लढवून राखला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. कारण आमच्या मते ह्या सबंध कथेचे मर्म लालसोटात आहे. एकाच छावणीत, एकाच आठवड्यात, दोन प्रकारच्या कवायती पलटणी होत्या. दोघींनाही शिस्त शिकविलेली होती. पैकी एक आपल्या जागी राहिली, दुसरी गेली. तेव्हा नुसती कवायत पुरी पडत नाही, हे उघड झाले. ज्या शिपायास महिनाअखेर पगार मिळेल की नाही ह्याची शाश्वती नाही, त्याची शिस्त ही केवळ अंगाला लागलेली सवय असते. ती रणांगणावर टिकली तरी छावणीत मोडते. पानिपताने शिकविले, की शिस्तीच्या पायदळाखेरीज उत्तरेत निभाव नाही. लालसोटाने शिकविले, की वेळेवर मिळणाऱ्या पगाराखेरीज शिस्तीचे पायदळ नाही. पहिल्या अपयशाने अर्धेच उत्तर दिले होते. उरलेले उत्तर दुसऱ्या अपयशाच्या पोटात दडलेले होते.

त्या वाईट काळात महादजींचे वर्तन पाहण्यासारखे आहे. त्यांनी कोणावर आग पाखडली नाही. भरतपूरच्या जाटांची मैत्री सांभाळली, पुण्याकडे मदत मागितली आणि ती येण्याची वाट न पाहता उरलेल्या माणसांची जुळवाजुळव केली. २४ एप्रिल १७८८ रोजी चकसाना येथे पुन्हा अपयश आले. पण १८ जून १७८८ रोजी आग्र्याजवळ राणेखानाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी इस्माइल बेगचा पराभव केला. १० ऑगस्ट रोजी दिल्लीत गुलाम कादिराने वृद्ध शाह आलमचे डोळे काढले. ऑक्टोबरात मराठे दिल्लीत शिरले, बादशहा पुन्हा तख्तावर बसला आणि गुलाम कादिर पकडला जाऊन मारला गेला. दिल्लीवर चालून गेलेल्या सेनानींत राणेखानाबरोबर जिवबादादा केरकर हेही होते, हे गोमंतकीय वाचकांस अभिमानाने सांगावेसे वाटते. गोमंतकातील केरीचा एक शेणवी, दिल्लीच्या यमुनाकाठी एका भिस्त्याच्या खांद्यास खांदा लावून लढतो: महादजींनी माणसे कशी निवडली ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण नाही. पुढे हेच जिवबादादा शिंद्यांचे बक्षी म्हणून नावाजले.

ह्यानंतर डी बॉयनने आपल्या दोन पलटणींचा मोठा कंपू करावा, असा आग्रह धरला. खजिन्याची अवस्था पाहून महादजींनी तो मानला नाही, आणि डी बॉयन नोकरी सोडून लखनौस गेला. १७९० च्या सुमारास महादजींनी त्यास परत बोलाविले. ह्या वेळी त्यांनी नुसती परवानगी दिली नाही. लालसोटचा धडा करारात उतरविला. कंपूच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख स्वतंत्र तोडून दिला. त्या मुलखाचा वसूल पलटणींच्या पगाराकडेच जावयाचा होता. दरबारातील अडचण आता शिपायाच्या थाळीपर्यंत पोचणार नव्हती. आग्र्यास सँग्स्टर नावाच्या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. जखमी शिपायाचा पगार उपचाराच्या काळात चालू राही, जखमेच्या मानाने त्याला बक्षीस मिळे. कायमचा अधू झालेल्यास निर्वाहाची तरतूद होती. ज्याचा स्वतःचा पाय पानिपतावर निकामी झाला होता, त्याच्या राज्यात अधू शिपायास उपाशी मरावे लागू नये, ही व्यवस्था झाली, हे आम्हांस विशेष वाटते.

परीक्षेस वेळ लागला नाही. २० जून १७९० रोजी जयपूरच्या उत्तरेस पाटण येथे इस्माइल बेग व राजपूत ह्यांच्या संयुक्त फौजेचा शिंद्यांच्या सैन्याने मोड केला. राठोडांनी माघार मानली नाही. ते मेडत्यास जमले. १० सप्टेंबर १७९० च्या पहाटे राठोडांची छावणी झोपेत असता डी बॉयनच्या तोफा सुरू झाल्या. एका उतावळ्या युरोपियन अंमलदाराने हुकमाची वाट न पाहता तीन पलटणी पुढे नेल्या आणि फळीत खिंडार पडले. क्षणभर पानिपतच पुन्हा घडते की काय, असे वाटावे! तेवढ्यात राठोडांचे सुमारे ४,००० स्वार जिवावर उदार होऊन त्या खिंडारावर तुटून पडले. डी बॉयनने ताबडतोब सर्व पलटणींचा पोकळ चौकोन बांधला; तोंडे चोहोबाजूंस, तोफा कोपऱ्यांत. राठोड पुन्हा पुन्हा आले. छऱ्यांच्या व गोळ्यांच्या माऱ्याखाली पुन्हा पुन्हा पडले. त्यांच्या शौर्याची वाखाणणी शत्रूनेही केली. पण चौकोन फुटला नाही.

एकोणतीस वर्षांपूर्वी यमुनेकडे सरकताना फुटलेला तो गोल मेडत्याच्या मैदानात अखेर अभंग राहिला. आकृती जवळजवळ तीच होती. उतावळेपणाची चूकही तीच झाली होती. फरक एवढाच, की ह्या वेळी एकाची चूक पोटात घालण्याचे बळ बाकीच्यांच्या अंगी होते. अपयशापासून शिकणे म्हणजे पुन्हा चूक न होणे, असे आपण समजतो. चुका होतच राहतात. झालेल्या चुकीने सर्वस्व बुडू नये, अशी व्यवस्था उभी करणे, हेच खरे शिकणे होय.

येथे कथा संपविली असती, तर ती शाळेच्या पाठ्यपुस्तकास शोभली असती. परंतु इतिहास पाठ्यपुस्तकाच्या सोयीने संपत नाही. मेडत्याचा धडा इतरांनीही वाचला. तुकोजी होळकरांनी दुद्रनेक नावाच्या फ्रेंचाकडून चार पलटणी उभारविल्या. त्या १ जून १७९३ रोजी लाखेरीच्या खिंडीत, दुर्दैवाने शिंद्यांच्याच पलटणींशी लढताना, नष्ट झाल्या. ग्वाल्हेर व इंदूर ह्या दोन्ही गावी आमचे वाचक आहेत. लाखेरीत कोण जिंकले ह्याचा आनंद वा खेद करण्याऐवजी, त्या दिवशी दोन्ही बाजूंनी मराठी दौलतीचेच सामर्थ्य खर्ची पडले, एवढेच नमूद करून आम्ही पुढे जातो. त्याच होळकरांच्या घराण्यातील यशवंतरावांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे कवायती पलटणींच्या साहाय्याने शिंदे व पेशवे ह्यांच्या फौजेस धूळ चारली. म्हणजे होळकरांनीही आपले अपयश वाया घालविले नव्हते.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे वारले. त्यांची छत्री आजही तेथे उभी आहे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास जिवबादादा बक्षींच्या हाताखालील शिंद्यांच्या फौजेने निजामाविरुद्ध जे काम केले, ते महादजींच्याच पुण्याईचे फळ होते. १७९६ मध्ये जिवबादादाही गेले. डी बॉयन त्याच सुमारास स्वदेशी निघून गेला आणि त्याच्या जागी पेराँ आला.

१८०३ चे युद्ध सुरू झाले, तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या पदरी हिंदुस्थानातील उत्तम देशी पायदळ होते. तरीही काही महिन्यांत सारे संपले. पेराँने सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यानंतर इंग्रजांचा आश्रय घेतला. इंग्रज वंशाच्या अंमलदारांना कंपनीने जाहीरनामा काढून फोडले. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई, २३ सप्टेंबरला असईची, १ नोव्हेंबरला लासवाडीची. असईस इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. लासवाडीस तर आपले युरोपियन अंमलदार निघून गेल्यावरही शिंद्यांचे शिपाई तोफांपाशी शेवटपर्यंत लढले. खुद्द लेकने त्यांची तारीफ केली. शिपाई फितला नाही. पगार वेळेवर घेणारा, चौकोनात उभा राहणारा, महादजींनी घडविलेला तो शिपाई आपल्या मिठास जागला. नाहीशी झाली ती त्याला हुकूम देणारी डोकी. कारण ती भाड्याने आणलेली होती.

महादजींच्या शिक्षणातील न्यून येथे होते. त्यांनी शिस्त विकत घेतली, ती टिकविण्यासाठी पगाराची तरतूद केली. परंतु ती विद्या शिकविणारी आपली माणसे तयार केली नाहीत. त्यांच्या दरबारी राणेखान होते, जिवबादादा होते, लखबादादा होते. कर्तबगार माणसांची वाण नव्हती. पण कंपूचे सेनापतिपद परक्याकडून परक्याकडेच गेले. ते आणखी दहा वर्षे जगते, तर हे तिसरे उत्तर त्यांनी शोधले असते काय, हे सांगणे कठीण आहे. पुढच्या पिढीस तयार पलटणी वारशाने मिळाल्या. पण त्या का उभारल्या हे कळण्यासाठी लागणारा अधू पाय मात्र मिळाला नाही. अनुभव वारशाने मिळत नाही, त्याचे फळ तेवढे मिळते. आणि फळ खाणाऱ्यास झाड लावण्याची आठवण क्वचितच राहते.

ह्या प्रसंगी एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. मराठ्यांनी आपला गनिमी कावा सोडून पलटणींच्या नादी लागावे, हीच चूक झाली, असे मत काही इंग्रज सेनानींनी त्याच काळात दिले आहे, आणि आपल्याकडेही ते आवडीने सांगितले जाते. आमच्या मते ते अर्धसत्य आहे. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत, स्वतःच्या मुलखात, शत्रूचा दाणागोटा तोडून त्यास जेरीस आणण्याचे काम स्वार उत्तम करतात. वडगावास त्यांनी ते केले. पण यमुनेच्या सपाट प्रदेशात किल्ले घेणे, शहरे राखणे आणि राज्य चालविणे हे काम घोड्याच्या पाठीवरून होत नाही. ज्याला दिल्ली केवळ लुटावयाची नाही, सांभाळावयाची आहे, त्याला पायदळ हवेच. महादजींनी दिशा चुकीची धरली नाही. ते वाटेतच थांबले, नव्हे, मृत्यूने त्यांस थांबविले.

असो. आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळू. पानिपत हा शेवट की पायरी? आम्हांस असे दिसते, की अपयश स्वतः होऊन कोणाचीच पायरी बनत नाही. ते वाटेत पडलेल्या धोंड्यासारखे असते. बहुतेक जण त्याला ठेचकाळतात आणि तो कोणी टाकला ह्याची चौकशी करीत बसतात. क्वचित एखादा त्याला घडवून पायरी म्हणून बसवितो. आणि त्यालाही एक पायरी चढल्यावर पुढची पुन्हा नव्याने घडवावी लागते. महादजींनी दोन पायऱ्या घडविल्या. तिसरी त्यांच्या वारसांनी घडवावयाची होती. ती राहून गेली.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी घराण्यांना ह्या कथेत विशेष ममत्व वाटावे, हे साहजिक आहे. कारण माळव्यात व ग्वाल्हेरीत आपली घरे उभी राहिली ती ह्याच माणसांच्या मागे मागे येऊन. ह्या घरांतून जानेवारी महिन्यात पानिपताची आठवण निघते. ती अवश्य निघावी. त्या दिवशी पडलेल्यांस नमस्कार करावा आणि दोष कोणाचा, हा वाद ज्यांना घालावयाचा असेल त्यांनी तोही घालावा. फक्त मुले ऐकत असतील, तर वाद संपल्यावर त्यांना पुढची एकोणतीस वर्षेही सांगावीत: एक लंगडा सरदार पखालीच्या बैलावरून परत आला, पुन्हा हरला, पुन्हा उठला, आणि प्रत्येक वेळी नेमके काय मोडले एवढेच पाहत राहिला. आणि त्यानंतरची १८०३ पर्यंतची तेरा वर्षेही, ती कितीही कडू असली तरी, वगळू नयेत.